1980 च्या दशकातील जुनी बाइंडिंग (बूट स्कीला जोडणारी यंत्रणा) नव्या स्कीवर बसवावीत का?

स्क्रूने ती बसतील, परंतु उतारावर वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. बाइंडिंगचे खरे काम बूट धरून ठेवण्याइतकेच, पडताना पाय पिळवटू लागला की तो नेमक्या क्षणी सोडून देणे हे आहे. आणि चाळीस वर्षांत आतील ग्रीस सुकलेले व प्लास्टिक ठिसूळ झालेले असू शकत असल्याने, बाइंडिंगवरील छोट्या खिडकीत डिनचा, म्हणजे बूट किती बळाने सुटावा हे ठरवणाऱ्या मापाचा, आकडा 6 दिसत असला तरी बूट प्रत्यक्षात किती बळाने सुटेल, हे यंत्रावर तपासल्याशिवाय कळत नाही. शिवाय ग्रिपवॉकचा (चालायला सोपा जावा म्हणून केलेला) वळणदार तळ असलेला नवा बूट जुन्या टो-पीससाठी, म्हणजे बुटाचे टोक धरणाऱ्या पुढच्या भागासाठी, बनवलेलाच नसतो, आणि त्या काळच्या अरुंद स्कीसाठी केलेले ब्रेक (बूट सुटल्यावर स्की घसरत जाऊ नये म्हणून खाली येणारे बाइंडिंगचे दांडे) आजच्या 90 मिलिमीटर रुंद स्कीच्या कडांपलीकडे जातच नाहीत.

अमेरिकेत उत्पादक ज्या मॉडेलांची कायदेशीर जबाबदारी घेतात, त्यांची यादी दर हंगामात निघते. तिच्यातून वगळलेले बाइंडिंग बसवून देण्यास दुकाने सहसा नकार देतात. हा नकार अडवणूक वाटतो खरा, पण मला तो रास्त वाटतो. जुनी जोडी तिच्या मूळ स्कीसह भिंतीवर फार देखणी दिसते.