पाइप आणि वायरी झाका, पण गॅसची लाईन सोडून

प्रश्न : आमचा डोंबिवलीतला फ्लॅट जुना आहे, दिवाळीआधी रिनोव्हेशन काढलंय. हॉलमध्ये टीव्हीखाली वायरींचं जंजाळ, बाथरूमच्या छताला वरच्यांचे ड्रेनेजचे पाइप लटकतायत आणि किचनमध्ये ओट्याच्या वरून पिवळी गॅसची पाइपलाईन गेलीय. सुतार म्हणतो सगळ्याला प्लायचे बॉक्स करून टाकू, एकदम क्लीन दिसेल. करू का?

उत्तर : ताई, सुताराला आधी किचनमध्ये थांबवा. पाइपने येणारा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, कुठे जरा लीक झाला तर वर चढतो, आणि तुम्ही पाइपला बंद बॉक्स केला की तो आतच साठत राहणार, वासही पटकन येणार नाही. म्हणून ती लाईन उघडीच ठेवायची, भिंतीत गाडायची नाही, बॉक्समध्ये कोंडायची नाही, आणि वॉल्व्हपर्यंत हात सहज पोचला पाहिजे. फारच खटकत असेल तर गॅस कंपनीकडे अर्ज करून त्यांच्याच माणसाकडून लाईन सरकवून घ्या, तुमच्या प्लंबरला हात लावू देऊ नका.

बाथरूमचं वेगळं. तिथे फॉल्स सीलिंग करता येतं पण आधी वरच्यांचा नहाणी ट्रॅप (त्यांच्या बाथरूमच्या जाळीखालचा, सांडपाणी जाणारा वाकडा भाग) गळतोय का ते बघा, पाइपच्या जॉइंटला पांढरे डाग किंवा ओल दिसली तर आधी ते काम, मग सीलिंग. (सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे टॉयलेट-सिंकची अंतर्गत गळती सभासदाने स्वखर्चाने काढायची असते, पण भांडायला जाण्याआधी चहाला बोलवा, काम लवकर होतं.) सीलिंगला साधं जिप्सम किंवा प्लाय नको, वाफेने फुगतं, पीव्हीसी पॅनल घ्या. आणि ट्रॅपच्या बरोबर खाली दीड-दोन फुटांचं उघडणारं झाकण ठेवायला सांगाच, कॉन्ट्रॅक्टर ते टाळतात कारण दिसायला बरं दिसत नाही म्हणे, आणि मग पहिल्या गळतीला अख्खं सीलिंग फोडायची वेळ येते.

टीव्हीसाठी प्लायचा बॉक्स कशाला, भिंत फोडणारच असाल तर टीव्हीच्या मागून खालच्या युनिटपर्यंत 2 इंची पीव्हीसी पाइप गाडून घ्या. एचडीएमआयचं डोकं जाड असतं, बारीक पाइपमधून ते जातच नाही, आणि उद्या केबल बदलायची झाली तर ओढून काढता आली पाहिजे, म्हणून काटकोनी एल्बो (वळणाचा जोड) टाळा. लाइटची वायर मात्र त्याच पाइपमध्ये घालायची नाही, तिला वेगळा कंड्युइट, म्हणजे वायरीची वेगळी नळी. राउटर लोखंडी डब्यात किंवा टीव्हीच्या मागे लपवला की वायफाय गेलंच समजा, तो बाहेरच राहू द्या.

पाइप गाडायला भिंतीत खाच कुठे मारतायत तिथे स्वतः उभ्या राहा. कॉलम आणि बीमला कटर लावायचाच नाही, कॉलममध्ये सळईवर काँक्रीटचं आवरण साधारण 40 मिमीचंच असतं, खोल खाच मारली की सळई उघडी. 4 इंची विटांच्या भिंतीत लांब आडवी खाच पण नको, उभी मारा. नंतर खाचेवर चिकन मेश (बारीक तारेची जाळी) लावून प्लास्टर करायचं आणि त्यावर पाणी मारायचं, नाहीतर रंगानंतर बरोब्बर तिथेच तडा उमटतो.

पाण्याची नवीन लाईन कन्सील्ड करणार, म्हणजे भिंतीत गाडणार असाल तर प्लास्टरच्या आधी प्रेशर टेस्ट (पाइपात दाबाने पाणी भरून गळती बघणं) झालीच पाहिजे, आणि जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप आतून गंजलेले असतात, ते तसेच गाडू नका, बदला.

प्लास्टर व्हायच्या आधी प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढा, शेजारी मेजर टेप धरून. नंतर फोटोफ्रेमसाठी खिळा ठोकताना तोच फोटो लागणार आहे.

भिंत फोडायचीच नसेल तर केसिंग पट्टी (भिंतीवर लावायची, वायरी झाकणारी प्लास्टिकची पट्टी) भिंतीच्याच रंगात रंगवून घ्या, लांबून दिसतही नाही आणि खर्चही खूप कमी.