आवडणं वेगळं, हवंसं वाटणं वेगळं

प्रिय,

तुला हवी होती तीच प्रयोगशाळा मिळाली, फार बरं वाटलं. पत्रातलं एक वाक्य मात्र खटकलं: 'साखर खाल्ली की डोपामिन वाढतं, म्हणून उंदराला ती आवडते.' डोपामिन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन खरं, पण हे वहीत लिहू नकोस.

ही समजूत जुनी आहे. 1954 मध्ये ओल्ड्स आणि मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली. उंदराने कळ दाबली की त्या तारेतून मेंदूला विजेचा हलका झटका. उंदीर कळ दाबतच राहिले, आणि मेंदूतलं सुखाचं ठिकाण सापडलं असं सगळ्यांना वाटलं. पुढे डोपामिनलाच सुखाचं रसायन म्हणायची सवय लागली.

1989 मध्ये केंट बेरिज आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवलं. अशा उंदरांपुढे खाणं ठेवलं तरी ते तोंड लावत नाहीत, नळीने भरवावं लागतं. पण जिभेवर गोड पाणी सोडलं, तर ते निरोगी उंदरासारखेच जीभ बाहेर काढून ओठ चाटत. म्हणजे गोडी शाबूत होती, ओढ गेली होती. आपलं पोट भरल्यावरही हात बशीकडे जातो, पण घास पहिल्यासारखा लागत नाही. गोडी आणि ओढ, तेच दोन धागे, फक्त उलट बाजूने सुटलेले.

आणि सगळं जिभेवरच ठरतं असंही नाही. गोड चव ओळखूच न शकणारे माइस, म्हणजे छोट्या जातीचे उंदीर, काही दिवसांत साध्या पाण्यापेक्षा साखरेचं पाणी जास्त पिऊ लागतात, हे 2008 मध्ये दिसलं. सुक्रालोज या उष्मांक नसलेल्या कृत्रिम साखरेकडे ते वळले नाहीत. पोटात काय पोचलं याची खबर मेंदूला लागते, हे मला आजही थक्क करतं.

म्हणून पहिला महिना यंत्रांच्या मागे लागू नकोस, जनावर बघ. उंदीर रात्री खातो, तेव्हा तुलाही मंद लाल दिव्यात बसावं लागेल. रोज एकाच वेळी, एकाच हाताने वजन कर. अनोळखी हाताने तो बिचकतो आणि खाणं घटतं. उरलेलं खाणं तोलताना पिंजऱ्याच्या तळाशी सांडलेला चुरासुद्धा वेचून तोल. तो राहिला, तर न खाल्लेलंही खाल्लेल्यात धरलं जाईल, आणि आलेखावर मात्र भूक वाढलेली दिसेल.

तोंडाच्या हालचालींचा व्हिडिओ अगदी सावकाश, एकेक चौकट पुढे सरकवत बघ. गोड लागलं की जीभ लयीत बाहेर येते, कडू लागलं की जबडा वासतो. एका मिनिटात जीभ किती वेळा आली ते दोनदा मोज. दोन्ही आकडे जुळले नाहीत तरी मला तसेच कळव.