आत्या ९१ व्या वर्षी गेल्या, सगळे 'सोनं झालं' म्हणतात. त्यांच्या आठवणी कशा लिहून ठेवू?

तुम्ही लिहिलंय की घरचे म्हणतात सोनं झालं, आता रडायचं कशाला, आणि लिहायला बसलं की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. ते 'सोनं झालं' वाचलं आणि राहवलं नाही. माझी मावशी गेल्या वर्षी ९३ ची होऊन गेली, मीही तेरा दिवस हेच ऐकलं. माणूस जितकी जास्त वर्षं आपल्यात होतं तितकं जाताना जास्त घेऊन जातं, मग ९३ व्या वर्षी गेलं तर कमी रडायचं हा कुठला हिशोब?

मावशीची लालबागला खाणावळ होती. म्हणजे चाळीतली दहा बाय बाराची खोली, दोन स्टोव्ह आणि जेवायला गिरणीतले २८ गडी. काका गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागावर होते, ते लवकर गेले आणि हिने जेवण घालायला सुरुवात केली. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी, स्टोव्ह कधी थंड म्हणून व्हायचा नाही. मी गावाहून शिकायला तिच्याकडे होते. तिला लिहिता येत नव्हतं म्हणून वही माझ्याकडे, कोणाचे किती खाडे, कोणाची किती बाकी, पगाराच्या दिवशी मी वाचायचे आणि ती पैसे मोजून घ्यायची. सगळे तिला मावशीच म्हणायचे आणि मला त्याचा फार राग यायचा, मावशी माझी होती.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांचा. अडीच लाख कामगार बाहेर, भोंगे बंद. महिन्या-दोन महिन्यांत मिटेल असंच सगळे धरून होते. कोणी शिराळ्याला गेलं, कोणी कणकवलीला, गावी ज्यांची जमीनच नव्हती असे नऊ जण राहिले. त्या नऊ जणांना मावशी रोज दोन वेळा वाढत होती, सव्वाशे रुपये महिना, सगळं उधार. वाण्याने उधार बंद केलं तेव्हा पाटल्या मोडल्या. गणपतीत मामा आला आणि म्हणाला ताई ती वही दे, एकेकाच्या गावाला जाऊन वसूल करून आणतो. मावशी म्हणाली, वही सापडत नाही रे. वही तांदळाच्या डब्यात होती, मी तिला ठेवताना बघितलं होतं. दसरा झाल्यावर एक दिवस मी नेहमीसारखी पेन घेऊन बसले तर म्हणाली, "आता लिहू नको बाय. वाढ फक्त." मला वाटलं माझा हिशोब चुकला, मी रडले. मी सहावीत होते.

तेराव्याला मामेभाऊ दहा लोकांत म्हणाला, आत्या देवमाणूस होती पण व्यवहार कळला नाही तिला. हे मामाचं वाक्य, चाळीस वर्षं ऐकतेय. कळला नाही? गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना सावकारापासून सोडवायला प्रेमाताई पुरवांनी १९७५ ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बायका गटाने एकमेकींना जामीन राहायच्या आणि बँक कर्ज द्यायची. मावशीनेही तसं कर्ज घेतलं होतं आणि संपाच्या वर्षात पाटल्या नव्हत्या हातात तरी एक हप्ता चुकवला नाही, कारण तिचा थकला असता तर गटातल्या बाकीच्या अडकल्या असत्या. कुठले पैसे सोडायचे आणि कुठले नाही हे जिला इतकं नीट कळत होतं तिला व्यवहार कळत नव्हता म्हणणाऱ्याने एकदा वही बघावी. ती तिच्या ट्रंकेत निघाली, माझ्याच अक्षरात. कोणी हमाली करून, कोणी भाजी विकून मधेमधे दिलेले वजा करून ८,४१५ रुपये येणं, आणि तेही दसऱ्यापर्यंतचंच. चारेक वर्षांनी शिराळ्याकडचा एकजण तांदळाचं पोतं आणि चारशे रुपये घेऊन आला होता. मावशीने नोटा दोनदा मोजल्या, ठेवल्या आणि त्याला जेवायला बसवलं.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर जन्मतारखेपासून सुरुवात करू नका, ते कोणी वाचत नाही. स्टेटसला फोटो आणि दोन ओळी टाकून मोकळं व्हायचं असेल तर न लिहिलेलं बरं. ज्यांनी त्यांच्या हातचं खाल्लंय, ज्यांच्याशी त्यांचं भांडण झालंय, त्यांना विचारा. वर्षश्राद्धापर्यंत घरातला एक कागदही रद्दीत जाऊ देऊ नका, रेशनकार्ड, पासबुक, मनीऑर्डरच्या पावत्या, काहीच नाही. आणि कोणी एका वाक्यात त्यांचा निकाल लावायला लागलं तर तिथेच बोला, मी तेराव्याला गप्प बसले ते अजून सलतंय.

आता हेही सांगते, मामा वाईट नव्हता. संपाच्या वर्षी गावाहून दोन वेळा तांदूळ त्यानेच पाठवले, त्या नऊ जणांनी तेच खाल्ले, हे वहीत नाही म्हणून इथे लिहिते. मावशीही काही शांत बाई नव्हती, रागावली की ताट भिरकवायची. तुमच्या आत्यांचं आयुष्य वेगळं असेल, अशी वही तुम्हाला मिळणारही नाही कदाचित. पण त्यांच्या शेजारच्या काकू ८८ च्या आहेत आणि अजून सगळं आठवतं म्हणून तुम्हीच लिहिलंय. त्यांच्याकडे आजच जा, फोनवर नको. फोनवर त्या तुमच्या तब्येतीचंच विचारत बसतील.