तमालपत्राची टोकं करपली, पाणी तर रोज घालते!

प्रश्न : गच्चीवर बारा इंची कुंडीत तीन वर्षांचं तमालपत्र आहे. होळीनंतर पानांची टोकं तपकिरी व्हायला लागली, आता कडाही वाळल्यात. माती भावाच्या तासगावच्या मळ्यातली, काळी. बोअरचं पाणी सकाळ-संध्याकाळ तांब्याभर घालते, ते लगेच खालून निघतं. द्राक्षबागेतलं १९:१९:१९ खत दर आठवड्याला देते. भाऊ म्हणतो, बागेवरचं बुरशीनाशक मार. मारू का? आणि ही पानं यंदाच्या कांदा-लसूण मसाल्यात चालतील का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, औषध अजिबात मारू नका. फोटोत देठाजवळून निघालेल्या तीन शिरा स्पष्ट दिसतात, म्हणजे हे आपलं मसाल्यातलंच तमालपत्र. परदेशी बे लॉरेलला मधली एकच शीर असते. बुरशी असती तर बहुधा पानावर मधेही डाग उठले असते. तुमचं पान मधे हिरवंगार आहे, टोक तेवढं पापडासारखं कुरकुरीत. दुखणं मुळांशी आहे.

'लगेच खालून निघतं', या तुमच्या शब्दांपाशी मी थांबले. काळी माती सुकली की आकसते आणि कुंडीची कड सोडते. नखभर फट पडली तरी पाणी त्यातूनच खाली पळतं, आतला गोळा कोरडाच. झाडूची हीर खोडाजवळ वीतभर खुपसून पाहा, कळेल. त्यात बोअरचं खारवट पाणी आणि दर आठवड्याचं खत. पाणी उडून जातं, क्षार मातीत साठतात आणि पानाचं टोक आधी जळतं. कुंडीच्या काठावर पांढरी खपली धरली असेल तर ती त्याचीच.

साताऱ्यात माझं एक झाड असंच गेलं. टोकं वाळली म्हणून मी पाणी वाढवत राहिले, फट पाहिलीच नाही. उपटलं तेव्हा मधली माती विटेसारखी कोरडी आणि तळाशी साचलेल्या पाण्यात मुळं काळी पडून कुजलेली. अजून हळहळ वाटते, म्हणून एवढ्या आग्रहानं सांगते.

आजच कुंडी पाण्याच्या टबात ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग वरची माती खुरप्यानं मोकळी करून फट बुजवा. दुसऱ्या दिवशी नळाचं पाणी, दोन-तीन बादल्या, सावकाश ओता. क्षार धुऊन निघतील. पुढे रोज तांब्याभर नको. वरची दोन बोटं माती सुकली की तळातून निथळेपर्यंत घाला. खत दोन महिने बंद. हे हिमालयाच्या पायथ्याचं, मेघालयाकडचं झाड. सांगलीचं मे महिन्यातलं दुपारचं ऊन त्याला सोसत नाही. अकरानंतर सावली हवीच.

कुंडी आत्ता बदलू नका. पाऊस स्थिरावला की लाल माती, शेणखत आणि कोकोपीट घालून चौदा इंचीत हलवा. करपलेली कड पुन्हा हिरवी होणार नाही. नवी पालवी गुलाबी-तांबूस येते, ती रोगट समजून खुडू नका.

फवारणी झालेली नसेल तर जुनी, जाड पानं करपलेली कड कात्रीनं कापून, धुऊन, सावलीत वाळवून मसाल्यात खुशाल घाला.