निम्म्या गोचिडींमध्ये लाइमचे जंतू असतात, मग चावा म्हणजे निम्मा धोका का?

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत नवं घर घेतलंय, मागे झाडी आहे, मुलाच्या गुडघ्यामागे गोचीड सापडली आणि '50 टक्के गोचिडींमध्ये लाइमचे जंतू' हे वाचून झोप उडालीय. लाइम म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून होणारा जंतूंचा आजार. मी न्यू जर्सीतल्याच हंटरडन काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) राहते, उन्हाळाभर बागेत असते, त्यामुळे ही धास्ती मला चांगली माहीत आहे. पण धोका 50 टक्के नाही, त्याच्या जवळपासही नाही.

तो आकडा अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या हरणगोचिडीच्या पूर्ण वाढलेल्या मादीचा आहे. गोचीड अंड्यातून निघते तेव्हा तिच्यात हे जंतू नसतात. पहिलं रक्त ती बहुतेकदा पांढऱ्या पायांच्या उंदराचं पिते आणि जंतू तिथून घेते. हरणांमुळे गोचिडी वाढतात खऱ्या, पण जंतू हरणांकडून येत नाहीत. दुसऱ्या टप्प्यातल्या पिल्लाला इथे निंफ म्हणतात. त्याचं एकच जेवण झालेलं असतं, म्हणून साधारण चारपाचांतल्या एकातच जंतू सापडतात. मादीची दोन जेवणं झालेली, म्हणून तिचं प्रमाण दुप्पट. तरी माणसांना लागण जास्त होते ती निंफमुळेच, कारण मे ते जुलैत फिरणारं हे पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं आणि दिसतच नाही.

प्रदेश बदलला की गणितही बदलतं. कॅलिफोर्नियात गोचिडीची जातच वेगळी. तिची पिल्लं एका सरड्यावर पोसतात आणि त्या सरड्याच्या रक्तात हे जंतू मरतात, त्यामुळे तिथे प्रमाण बरंच कमी आहे. दक्षिणेकडच्या राज्यांत जात हीच, पण तिथेही पिल्लं सरड्यांवर वाढतात आणि लाइम कमी. आपल्या न्यू जर्सीतही पाठीवर पांढरा ठिपका असलेली लोन स्टार गोचीड भरपूर आहे. ती लाइम पसरवत नाही, कुत्र्यांवरची मोठी गोचीडही नाही. म्हणून काढलेली गोचीड फेकू नका. मी ती पारदर्शक टेपने कार्डावर चिकटवून तारीख लिहून ठेवते. जात ओळखता आली की अर्धी काळजी तिथेच मिटते.

आता माणसांचं. जंतू गोचिडीच्या पोटात असतात. तिथून लाळेत यायला त्यांना वेळ लागतो, साधारणपणे 24 तासांहून जास्त. 2001 साली न्यूयॉर्कच्या वेस्टचेस्टर काउंटीतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांना हरणगोचीड चावलेली, भागही लाइमचा बालेकिल्ला, तरी औषध न मिळालेल्या गटात आजार झाला फक्त 3.2 टक्के लोकांना. डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाचा एक डोस घेतलेल्यांत तो 0.4 टक्के होता.

काउंटीनिहाय नकाशेही जपून वाचा. रुग्णाची नोंद तो राहतो त्या काउंटीत होते, गोचीड कुठे चावली तिथे नाही. जर्सी सिटीतल्या माणसाला शेजारच्या पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोज डोंगरात गोचीड चावली तरी आकडा हडसन काउंटीत पडतो. 2022 मध्ये देशात 63,000च्या आसपास रुग्ण नोंदले गेले. आदल्या वर्षांपेक्षा ही मोठी उडी होती, पण त्या वर्षी नोंदीचा नियमच बदलला: लाइम जास्त असलेल्या राज्यांत नुसता प्रयोगशाळेचा अहवाल पुरेसा धरू लागले. दुसरीकडे, विम्याच्या दाव्यांवरून काढलेला अंदाज सांगतो की वर्षाला 4,76,000 लोकांना लाइम समजून औषध दिलं जातं. त्यात नुसत्या संशयावरून औषध दिलेलेही आले.

तुमच्या मुलाचं म्हणाल, तर गोचीड रक्त पिऊन फुगलेली होती का आणि काढून 72 तास झालेत का, या दोन गोष्टी बालरोगतज्ज्ञांना आजच फोन करून सांगा. डॉक्सीसायक्लिनच्या त्या एका डोसचा निर्णय त्यावरच होतो. रक्ततपासणीची घाई करू नका. प्रतिपिंडं तयार व्हायला काही आठवडे लागतात, त्यामुळे आज ती निगेटिव्हच येईल. पुढचे 30 दिवस मात्र त्याचं अंग रोज उजेडात बघा, काखा, जांघा आणि केसांखालची त्वचासुद्धा. लाइममध्ये त्वचेवर पसरत जाणारा चट्टा उठतो, पण आपल्या सावळ्या रंगावर तो पुस्तकातल्यासारखा लालभडक दिसत नाही. तो जांभळट किंवा नुसता काळपट असू शकतो आणि मधलं वर्तुळ नसलं तरी तो लाइमचा असू शकतो. दिवसागणिक पसरत चाललाय असं वाटलं, ताप आला किंवा सांधा सुजला, तर लगेच दाखवा.