जुने संगीत मंडळ आजच्या काळात कसे चालवावे? आधी परिशिष्ट १ चा उतारा काढा

तालुक्याच्या गावातील पन्नास वर्षे जुन्या संगीत मंडळाचे श्रोते आणि देणग्या दोन्ही घटत आहेत, अशा वेळी कंपन्यांचा सीएसआर निधी (सामाजिक कामांसाठी त्यांनी खर्च करायचा पैसा) मागावा की मैफली ऑनलाइन न्याव्यात, असा तुमचा प्रश्न आहे. दोन्ही करता येईल. मात्र त्याआधी धर्मादाय कार्यालयातून आपल्या संस्थेच्या परिशिष्ट १ चा, म्हणजे तिथल्या सरकारी नोंदीचा, ताजा उतारा काढा आणि विश्वस्तांच्या रकान्यात कोणाकोणाची नावे आहेत ती वाचा. मी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका संगीतसंस्थेचा अनेक वर्षे कार्यवाह होतो, आणि जुन्या संस्था कशामुळे खचतात ते मी त्या रकान्यात पाहिले आहे.

करोनानंतर जवळच्या औद्योगिक वसाहतीतील एक कंपनी आमच्या दोन कामांना निधी देण्यास तयार झाली होती. नगरपालिकेच्या शाळांतील मुलांसाठी तबला-हार्मोनियमचे वर्ग चालवायचे, आणि आमच्या कपाटातील जुन्या मैफलींच्या कॅसेट खराब होण्याआधी संगणकावर उतरवून घ्यायच्या, अशी ती कामे होती. कंपनीच्या अधिकारी बाईंनी आयकर सवलतीची १२ए आणि ८०जी ही प्रमाणपत्रे, सीएसआर निधी घेण्यासाठी लागणारा सीएसआर-१ चा नोंदणी क्रमांक, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि परिशिष्ट १ चा उतारा मागितला. उतारा वगळता सर्व कागद आमच्या फायलीत तयार होते. उतारा हाती आला तेव्हा त्यातील निम्म्याहून अधिक विश्वस्त हयात नव्हते, आणि ज्यांच्या तसबिरीला आम्ही दर गुरुपौर्णिमेला हार घालत होतो ते सरकारदरबारी अजूनही आमचे अध्यक्ष होते.

निवडणुका वेळच्या वेळी झाल्या होत्या आणि इतिवृत्तेही सुवाच्य अक्षरात लिहिलेली होती. परंतु विश्वस्त बदलले की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज दाखल करायचा असतो, तो एकदाही गेला नव्हता. मी सभेत हा विषय काढला की एक ज्येष्ठ विश्वस्त म्हणत, "इतिवृत्तात नोंद आहे ना, मग आपल्याला कोण विचारतो?" आता विचारणारे आले होते. मागचा प्रत्येक बदल क्रमाने नोंदवल्याशिवाय आजच्या कार्यकारिणीची नावे लागणार नव्हती, म्हणून प्रत्येक निवडणुकीसाठी स्वतंत्र अर्ज, सभेची सूचना, उपस्थितांच्या सह्या, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रे, विलंब माफीचा अर्ज आणि दिवंगत विश्वस्तांचे मृत्यूचे दाखले, असा सगळा संच जमवावा लागला. हे दाखले मागण्यासाठी त्यांच्या घरी जाऊन बसणे मला फार जड गेले. एका वृद्ध वहिनींनी दाखल्याबरोबर यजमानांनी जपून ठेवलेली आमच्या पहिल्या संगीत महोत्सवाची पत्रिकाही माझ्या हातात ठेवली. अर्ज दाखल झाले, पण निकाल लागेपर्यंत ३१ मार्च उलटून गेला, आणि कंपनीने तो निधी दुसऱ्या संस्थेला दिला. वर्ग सुरू झाले नाहीत. कॅसेट अजूनही कपाटातच आहेत.

बदल अर्ज राहिले ते कोणाच्या दुष्टपणामुळे नव्हे. मंगळवारी दुपारी दोन वाजता धर्मादाय कार्यालयात जाऊन उभे राहायला माणूसच नव्हता. त्यासाठी अर्धवेळ का होईना, पगारी कार्यालयीन सचिव नेमावा, असा ठराव मी मांडला होता आणि तो त्याच ज्येष्ठांनी "पगार घेऊन कलेची सेवा होत नाही" असे म्हणून हाणून पाडला. हे मत मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. गायकाला बिदागी मिळते, साथीदारांना मिळते, ध्वनिक्षेपकवाल्याला आणि मांडववाल्याला मिळते. हे सगळे कलेची सेवाच करतात. मग हिशेब, पावत्या आणि नोंदी सांभाळणाऱ्यानेच तेवढे फुकट का राबावे? फुकट कामाचा आग्रह धरला की ज्याला निवृत्तिवेतन आहे तोच ते करू शकतो. संगीतात पदवी घेतलेली पंचविशीतील मुलगी पोटापाण्यासाठी दुसरीकडे जाते, कार्यकारिणीत नवे नाव येत नाही, आणि उताऱ्यातील जुनी नावे तशीच राहतात.

याचे मोठे उदाहरण आपल्या संगीताच्या इतिहासात आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. संस्थानिकांच्या पदरी न राहता लोकांच्या आधारावर संगीताची संस्था उभी करण्याचा तो प्रयत्न होता. पुढे मुंबईत कर्ज काढून इमारत उभारली गेली; एका माणसाच्या कर्तृत्वावर पेललेला तो भार अखेर झेपला नाही आणि इमारतीचा लिलाव झाला. १९३१ मध्ये ते वारले, आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. ते आजही गावोगावच्या केंद्रांवर परीक्षा घेते आणि विद्यार्थी त्यासाठी शुल्क भरतात. ठरलेले काम, ठरलेले शुल्क आणि काम करणाऱ्यांची बदलती फळी असल्यामुळेच ते टिकले, असे माझे मत आहे.

आता सीएसआरविषयी. महोत्सवाच्या फलकावर बोधचिन्ह छापण्याच्या बदल्यात कंपनी पैसे देत असेल तर ते प्रायोजकत्व असते. नियमानुसार जाहिरातीच्या लाभासाठी दिलेली रक्कम सीएसआरमध्ये धरता येत नाही. म्हणून मैफलीऐवजी वर्षभर चालणारे काम घेऊन जा. सीएसआर निधीतील पाच टक्क्यांहून अधिक रक्कम पगारावर खर्च करता येत नाही, असे तुम्हाला सभेत हमखास सांगितले जाईल, मलाही सांगितले गेले होते. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे. वर्ग घेणाऱ्या शिक्षकाचे किंवा ते चालवणाऱ्या समन्वयकाचे मानधन हा प्रकल्पाचा खर्च आहे आणि तो अंदाजपत्रकात उघडपणे लिहावा.

कायम निधीच्या व्याजावर वर्षाचे कार्यक्रम बसवण्याचे दिवस गेले. नव्वदच्या दशकात मुदत ठेवींवर दोन आकडी व्याज मिळे, तसे आता मिळत नाही. तिकीट लावा. ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी लागत नाही, आणि दोनशे रुपये देऊन आलेला श्रोता शेवटच्या भैरवीपर्यंत बसतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. ऑनलाइन मैफलींबद्दल मला फारसा उत्साह नाही. करायच्याच असतील तर कलाकाराची लेखी परवानगी आधी घ्या.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. १२ए आणि ८०जीची नोंदणी २०२१ पासून कायमची राहिलेली नाही, ठरावीक मुदतीनंतर नूतनीकरण करावे लागते. शिवाय १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, ते आपल्या सनदी लेखापालांकडून तपासून घ्या. दुसरे म्हणजे, पगारी सचिव हा विश्वस्त किंवा विश्वस्ताचा नातेवाईक नसावा, नाहीतर आयकराच्या सवलतीवर प्रश्न उभा राहू शकतो. विश्वस्तालाच मानधन द्यायचे झाल्यास संस्थेच्या घटनेत तशी तरतूद आहे का आणि रक्कम वाजवी आहे का, हे वकिलांना विचारा. घटनेत तरतूद नसेल तर घटनादुरुस्तीचा विषय येत्या वार्षिक सभेच्या सूचनेतच घाला, कारण ऐनवेळच्या विषयात घेतलेला असा ठराव पुढे सहज अडवता येतो. आमच्याकडे तो तसाच अडवला गेला होता.