आरोपपत्राच्या पाठीवरचे दोन शब्द

प्रश्न : माझी कन्या अमेरिकेत इंडियाना राज्यात राहते. तिने तेथील १८२० च्या सुमाराच्या काही फौजदारी कागदपत्रांची छायाचित्रे पाठविली आहेत. एका चोरीच्या आरोपपत्राच्या पाठीमागे ‘ट्रू बिल’ असे लिहून कोणी सही केली आहे. आत, आरोपीला सैतानाने फूस लावली, असे वाक्य आहे. आरोपीचा जबाब मात्र कोठेच नाही. याला खटला म्हणावे का?
– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : अवश्य म्हणावे. वसाहत नवी, न्यायालय ओंडक्यांच्या घरात भरणारे आणि न्यायाधीश घोड्यावरून गावोगाव फिरणारा असला, तरी रीत जुन्या इंग्लंडचीच होती. ओहायो नदीच्या वायव्येकडील प्रदेशाला १७८७ च्या अध्यादेशाने तीन न्यायाधीश आणि ज्यूरीचा हक्क दिला. त्याच प्रदेशातून इंडियाना १८१६ मध्ये राज्य झाले. सरकारी वकिलाने लिहिलेला आरोपाचा मसुदा प्रथम स्थानिक रहिवाशांच्या ग्रँड ज्यूरीपुढे जाई. ती बंद बैठकीत केवळ फिर्यादी पक्षाचे साक्षीदार ऐके आणि किमान बारा जणांना आरोप चालविण्याजोगा वाटला, तर तिचा प्रमुख मसुद्याच्या पाठीवर ‘ट्रू बिल’ लिहून सही करी. दोषी कोण, हे पुढे बारा जणांची दुसरी ज्यूरी ठरवी.

सैतानाचे वाक्य हा निव्वळ साचा होय. आपल्या जुन्या इनामपत्रांत ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने’ येते, तसेच ते येई. मसुद्यातील शब्द चुकल्यास आरोपपत्रच रद्द होण्याची भीती असल्याने ते गाळण्याचे धाडस सहसा कोणी करीत नसे. जबाब नसण्याचे कारण अधिक गंभीर आहे : स्वतःच्या खटल्यात ज्याचा स्वार्थ गुंतला आहे, त्याची शपथ ग्राह्य धरावयाची नाही, असा नियम होता. तो सर्व खटल्यांपुरता प्रथम मेन राज्याने १८६४ मध्ये मोडला. आपल्या कागदांत ‘रिकग्निझन्स’ हा शब्दही आढळेल. शिवाजीनगरच्या न्यायालयात रोज कानी पडणारा मुचलका तो हाच. साक्षीदारालाही तो द्यावा लागे आणि तारखेला तो न आल्यास त्यातील रक्कम जप्त होऊ शके.

या रीतीचे वजन पाहावयाचे, तर इंडियानातीलच मॅडिसन काउंटी पाहावी. फॉल क्रीक येथे १८२४ मध्ये गोऱ्या वसाहतकऱ्यांनी स्त्रिया व मुलांसह नऊ मूळनिवासींची हत्या केली. जमाती सूड घेतील, ही सरकारची धास्ती खटल्यामागे होतीच. तरीही आरोप रीतसर ज्यूरीपुढे चालला. जेम्स हडसन याला जानेवारी १८२५ मध्ये आणि आणखी दोघांना जूनमध्ये फाशी झाली. त्या दोघांपैकी एकाचा तरुण मुलगाही दोषी ठरला होता. वडिलांना फासावर चढलेले त्याने पाहिले, आणि मग गव्हर्नर जेम्स रे यांनी वधस्थानीच त्याला माफी दिली.